भाड्याच्या घरासाठी एजंट घेतला, एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज दिलं, कुठे वसूल झालं कुठे नाही

रेटिंग आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना एवढं मोठं वाचायचा कंटाळा आहे ते सुटतील. पाचपैकी साडेतीन. एक स्टार कापलाय तो अ‍ॅग्रीमेंटच्या पैशांसाठी आणि अर्धा दर वेळी उशिरा येण्यासाठी, दोन्हीवर खाली येते. एजंट पुण्यात कोथरूडचे आहेत, पन्नाशीच्या पुढचे, एकटेच काम करतात, अ‍ॅक्टिव्हावर फिरतात, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. नाव टाकत नाही, बरं आणि वाईट दोन्ही लिहिणारे म्हणून.

आता आमची केस. आम्ही नाशिकहून पुण्याला आलो. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडी फेज टू आणि माझं खराडी, म्हणजे शहराची दोन टोकं, ज्यांना पुणे माहितीये ते इथेच हसतील. मुलगी तिसरीत, सासूबाई सोबत आणि त्यांचे गुडघे, त्यामुळे लिफ्ट पाहिजेच. बजेट मेन्टेनन्स धरून तीस हजारांच्या आत. ऑफिसात विचारलं तर माझ्याकडचे सगळे म्हणाले वाघोली घ्या नवीन बिल्डिंग मोठा फ्लॅट, नवऱ्याच्या ऑफिसातले म्हणाले वाकड सोडून विचारच करू नका, आणि सदाशिव पेठेत राहणाऱ्या आतेसासूबाईंच्या मते कोथरूड हेच मुळात लांब, त्याच्या पुढे माणसं का राहतात हा त्यांना खरोखरचा प्रश्न आहे. अ‍ॅपवर बघितलं तर तिथे बजेट टाकता येतं, बीएचके टाकता येतो, मांजर चालेल का ते पण टाकता येतं, पण नवरा एका टोकाला आणि बायको दुसऱ्या टोकाला असं टाकायची सोयच नाही. आणि 'ओनर' म्हणून दिलेल्या नंबरवर फोन केला की निम्म्या वेळेला एजंटच उचलतो.

काकांचा नंबर ओळखीतून मिळाला. बाकीचे एजंट पहिला प्रश्न विचारतात बजेट काय, दुसरा व्हेज का नॉनव्हेज. काकांनी विचारलं दोघांची ऑफिसं कुठे, किती वाजता पोचायला लागतं, घरून काम किती दिवस, कंपनीची बस आहे का, गाडी एक का दोन. मग म्हणाले, "ताई, फ्लॅट मी दाखवतो, चावी माझ्याकडे आहे, पण रविवारी येऊ नका. रविवारी पुण्यात सगळंच जवळ असतं." वर्किंग डेला सकाळी साडेआठला बोलावलं. (स्वतः नवाच्या पुढे आले. हे शेवटपर्यंत चाललं.)

माझ्या मते त्यांना दिलेल्या पैशातले निम्मे इथेच वसूल झाले, कारण त्यांनी पहिल्या भेटीत एकही फ्लॅट दाखवला नाही, टपरीवर चहा घेत एका कागदावर मुळा आणि मुठा काढली, त्यावर हायवे काढला, दोन ऑफिसांवर फुल्या मारल्या आणि म्हणाले की अंतर विसरा, मध्ये काय काय ओलांडायला लागतं ते मोजा. कुठला पूल, कुठला चौक, कुठलं फाटक. पुण्यात किलोमीटरला काही अर्थ नाही. उदाहरण दिलं बालेवाडी आणि वाकडचं. मधे फक्त मुळा नदी, इकडून हाक मारली तर तिकडे ऐकू येईल, त्यावर पूलसुद्धा बांधला, आणि तो पूल जोडरस्त्याची जागा मिळत नाही म्हणून कित्येक वर्षं नुसता उभा होता. लोक हायवेला वळसा घालून जायचे. नकाशावर बघून घर घेतलेल्या माणसाला हे कसं कळणार?

वाकड-हिंजवडी त्यांनी आमच्यासाठी कट केलं. नवऱ्याला सोपं पण मला रोज अख्खं शहर ओलांडून खराडी, म्हणजे नोकरी सोडायची तयारी ठेवूनच घर घ्यायचं. शिवाय दोन गोष्टी सांगितल्या ज्या आम्हाला अजिबात माहीत नव्हत्या. एक म्हणजे वाकड पुणे महापालिकेत नाही, पिंपरी-चिंचवडमध्ये आहे, तिथलं पाणी पवना धरणाचं आणि तिथे नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं. सोसायटीची टाकी मोठी असेल तर जाणवत नाही, नसेल तर रोज जाणवतं. आणि दुसरं म्हणजे खुद्द हिंजवडी कुठल्याच महापालिकेत नाही, एवढ्या सगळ्या कंपन्या, एवढे टॉवर, आणि कारभार ग्रामपंचायतीचा, आयटी पार्कचा भाग एमआयडीसीचा, रस्ता कोणाचा नाला कोणाचा कचरा कोणाचा हे ज्याने त्याने शोधायचं. २०२५ च्या जूनमध्ये मोठ्या पावसात आयटी पार्कच्या रस्त्यांवर पाणी भरल्याचे व्हिडिओ सगळ्यांनीच बघितले असतील.

मेट्रोच्या तिसऱ्या लाईनबद्दल पण इथेच लिहिते, माण-हिंजवडी ते शिवाजीनगर, साधारण तेवीस किलोमीटरची. तिच्या खांबांकडे बोट दाखवून दोन हजार भाडं जास्त सांगणारे एजंट आम्हाला भेटले. काकांचा हिशोब असा की आपण अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करतोय, तेव्हा सही करताना जी गाडी धावतीये तिचंच भाडं द्यायचं, होणाऱ्या गाडीचं भाडं ज्याने फ्लॅट विकत घेतलाय त्याने भरावं. मला पटलं. घर विकत घेणाऱ्याने दहा वर्षांचा विचार करावा, भाडेकरूने पुढच्या पावसाळ्याचा केला तरी पुरे.

मग वाघोली-खराडी. इथे काकांचं काही खरं नाही हे सरळ सांगते. एका एरियाचा एजंट दुसऱ्या एरियात चालत नाही. त्यांनी तिकडच्या कोणाला तरी फोन लावून दिला, ब्रोकरेज दोघं वाटून घेणार असं ठरलं असावं, आणि त्या माणसाने आम्हाला बजेटच्या वरचे फ्लॅट दाखवत फिरवलं. प्रत्येक फ्लॅट 'आजच फायनल करा, दुसरी पार्टी बघून गेलीय'. खराडीतलं आमच्या बजेटमध्ये बसत नव्हतं, वाघोलीत फ्लॅट खरंच मोठे, दोन बाल्कन्या, स्विमिंग पूल, सगळं. पण वाघोली महापालिकेत आली २०२१ च्या जूनअखेर, त्या वेळी एकदम तेवीस गावं घेतली, आणि गाव कागदावर महापालिकेत आलं म्हणजे नळाला महापालिकेचं पाणी आलं असं नसतं. ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं 'पीएमसी वॉटर कनेक्शन', कनेक्शन असतं पण पाणी असतंच असं नाही.

इथे काकांनी फोनवर दिलेली टीप सोन्याची निघाली, आणि ही पुण्यात कुठेही घर बघताना वापरा. ओनरला पाण्याबद्दल विचारू नका, तो म्हणणारच चोवीस तास. सिक्युरिटीला विचारा की एप्रिल-मे मध्ये रोज टँकर किती येतात. सिक्युरिटीवाल्याला ते पाठ असतं कारण टँकरची नोंद त्याच्याच वहीत होते. आम्ही विचारलं, त्याने वहीच उघडून दाखवली. मग सेक्रेटरीला विचारायचं की टँकरचा खर्च मेन्टेनन्समध्ये धरलाय की वेगळा मागतात. स्विमिंग पूल बघून खूश झालेली आमची मुलगी सोडली तर बाकी सगळ्यांचा विचार तिथेच बदलला. शिवाय नगर रोड. माझं ऑफिस जवळ झालं असतं हे खरं, पण नवऱ्याला हिंजवडीला जायला रोज सकाळी किती वाजता निघायला लागलं असतं तो आकडा मी इथे लिहिणार नाही.

सिंहगड रोडला तीन घरं बघितली आणि इथे एक गंमत सांगते, अ‍ॅपवर 'आनंदनगर, मेट्रोजवळ' असं बघून आम्ही खूश झालो आणि लोकेशन निघालं सिंहगड रोडचं आनंदनगर. पुण्यात आनंदनगर एक नाही. मेट्रोचं आनंदनगर स्टेशन कोथरूडला पौड रोडवर आहे, सिंहगड रोडच्या आनंदनगरचा त्याच्याशी संबंध नाही. ज्याने जाहिरात टाकली त्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

सिंहगड रोड तसा वाईट नाही, फ्लायओव्हर झाल्यापासून जाणं-येणं बरंच सुधारलंय असं तिथले लोक सांगतात, भाडं पण कमी. पण काकांनी दोन गोष्टी विचारायला लावल्या. नदीकडच्या बाजूला घर बघत असाल तर २५ जुलै २०२४ ला या बिल्डिंगमध्ये पाणी शिरलं होतं का. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं आणि एकतानगरीत पहाटे लोकांच्या पार्किंगमध्ये, तळमजल्यावर पाणी घुसलं, बोटी आणायला लागल्या. हे सगळ्या सिंहगड रोडचं नाही, नदीकाठच्या काही गल्ल्यांचं आहे, म्हणूनच नेमकी गल्ली विचारायची. अशीच चौकशी सहकारनगर, अरण्येश्वरकडे आंबिल ओढ्याच्या बाजूला बघताना २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीबद्दल करायची. भिंतीवर पाण्याची रेघ राहते, नवीन रंग दिला तरी मीटरच्या खोलीत दिसतेच, हे पण काकांचंच. दुसरी गोष्ट म्हणजे धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात प्यायचं पाणी कुठून येतं. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गुलेन-बारी सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट याच भागात जास्त सापडले आणि विहिरीच्या पाण्याची चर्चा झाली. खडकवासला एवढ्या जवळ, आणि शुद्ध करून दिलेल्या पाण्यासाठी वाट बघायची, हे मला अजूनही समजत नाही.

पेठेत आतेसासूबाईंच्या आग्रहाखातर एक घर बघितलं. मंडई चालत, मेट्रो चालत, २०२४ च्या सप्टेंबरअखेर स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून तर फारच सोयीचं. पण लिफ्ट नाही, गाडी लावायची कुठे विचारलं तर मालक म्हणाले "गाडी हवीच का?" इथपर्यंतच.

बाणेर-बालेवाडी बजेटबाहेर. औंधला एक आवडलं होतं ते आदल्या रात्री गेलं.

शेवटी काकांनी जे सुचवलं ते ऐकून आधी मला वाटलं आपलाच एरिया खपवतायत. कोथरूड, पौड रोड, वनाझ किंवा आनंदनगर स्टेशनपासून चालत. कारण मेट्रोची अ‍ॅक्वा लाईन वनाझहून निघते ती सरळ रामवाडीला जाऊन थांबते, मध्ये बदलायची गरज नाही. ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे कॉलेज एवढाच तुकडा सुरू झाला होता, ऑगस्ट २०२३ मध्ये रूबी हॉलपर्यंत गेली आणि मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत. म्हणजे २०२३ मध्ये आलो असतो तर हा सल्ला चुकीचा ठरला असता. रामवाडीहून खराडी पुढे रिक्षाने. आणि नवऱ्याची कंपनीची बस चांदणी चौकातून हायवेने हिंजवडीला जाते, घरापासून चांदणी चौक जवळ. चांदणी चौकाचं तुम्हाला माहीतच असेल, ऑक्टोबर २०२२ मध्ये जुना पूल रात्री स्फोटकं लावून पाडला, सगळं पुणं जागून टीव्हीवर बघत होतं आणि पूल काही नीट पडेना, मग मशीन लावून उरलेला पाडला. ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन फ्लायओव्हर झाले. पाट्या वाचून योग्य रॅम्प पकडायला आम्हाला अजून जमत नाही, पण बसच्या ड्रायव्हरला जमतं आणि तेवढं पुरे.

दोघांनाही पाऊण-एक तास, दोघांनाही स्वतः गाडी चालवायची नाही. नकाशावर बघितलं तर कोथरूड खराडीपासून इतकं लांब दिसतं की आम्ही ते यादीत धरलंच नव्हतं. एजंटचे पैसे याच्यासाठी द्यायचे असतात, कुलूप उघडून किचन दाखवायला नाही. 'हे किचन, हे बेडरूम, ही ड्राय बाल्कनी' हे आम्हाला दिसतं, डोळे आहेत.

आता कोथरूडमधली मुख्य भानगड. रिडेव्हलपमेंट. बाहेरून येणाऱ्यांना हे कोणीच सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. कोथरूडमध्ये ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या तीन-चार मजली सोसायट्या भरपूर, आणि आता त्या एकापाठोपाठ एक पाडून तिथे टॉवर होतायत. याचे भाडेकरूवर तीन परिणाम होतात. पहिला, ज्यांची बिल्डिंग पाडतात ती माणसं तीन वर्षं कुठेतरी भाड्याने राहतात, आणि त्यांना मुलांची शाळा, डॉक्टर, भाजीवाला सोडायचा नसतो म्हणून त्याच दोन-चार गल्ल्यांत घर शोधतात, त्यांचं भाडं बिल्डर देत असतो त्यामुळे ती घासाघीस फारशी करत नाहीत. तुमच्या बजेटची टक्कर त्यांच्याशी असते. दुसरा, तुम्ही घेताय तीच बिल्डिंग जाणार असेल तर वर्षभरात परत सामान बांधायचं. आम्हाला एक फ्लॅट फार आवडला होता, भाडं आश्चर्य वाटावं इतकं कमी, मोठी गॅलरी, खाली पारिजात, ओनर पण भला माणूस. काकांनी बाहेर आल्यावर हळूच सांगितलं की घेऊ नका, सोसायटीत ७९ अ ची, म्हणजे सहकार कायद्याप्रमाणे रिडेव्हलपमेंटसाठी घ्यायची मीटिंग झालेली आहे, बिल्डर ठरत आलाय. म्हणजे ब्रोकरेज घेऊन आम्हाला तिथे टाकता आलं असतं आणि वर्षभराने दुसरं घर दाखवून परत ब्रोकरेज घेता आलं असतं, पण त्यांनी ते केलं नाही. साडेतीनमधला एक स्टार एकट्या या गोष्टीचा आहे. तिसरा परिणाम, तुमची बिल्डिंग ठीक पण शेजारची पाडतायत, तर दोन-तीन वर्षं ब्रेकर, धूळ, सकाळी काँक्रीटचा मिक्सर. हे तुम्ही टाळूच शकत नाही, कुठेही घ्या शेजारी काहीतरी पाडतच असतात, फक्त बेडरूमची खिडकी त्या बाजूला नको एवढं बघा.

तर घर बघताना सेक्रेटरीला सरळ विचारा, रिडेव्हलपमेंटचा ठराव झालाय का, टेंडर निघालंय का, बिल्डर नेमलाय का. 'चर्चा चालू आहे' असं उत्तर आलं तर घाबरू नका, चर्चा प्रत्येक सोसायटीत वीस वर्षं चालू असते. 'डीए साइन झालं', म्हणजे बिल्डरशी डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट झालं, असं म्हणाले तर चहा पिऊन निघा.

आम्हाला मिळालं ते सन २००० च्या आसपासचं बांधकाम, चौथा मजला, लिफ्ट आहे आणि ती चालते, २७ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट. किचन लहान. सासूबाईंना यशवंतराव चव्हाण नाट्यगृह रिक्षाने पाच मिनिटांवर आहे हे कळल्यावर किचनचा विषय त्यांनी स्वतःच बंद केला.

सोसायटीची मुलाखत पण झाली. कमिटीतले दोन काका आणि एक काकू, काय करता, कोण कोण राहणार, पाहुणे किती येतात. आम्ही फॅमिली म्हणून सुटलो, माझ्या ऑफिसातल्या एकट्या राहणाऱ्या मुलींना काय काय विचारतात ते ऐकलं तर संताप येतो. इथे आमचे एजंट काका आमच्या बाजूने बोलले नाहीत, मान हलवत बसले, त्यांना परत त्याच सोसायटीत धंदा करायचाय हे समजतं तरी. सोसायटीने भाडेकरूंकडून वेगळे जास्तीचे चार्जेस मागायचा प्रयत्न केला. याचा नियम स्पष्ट आहे, नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो त्याचे) सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत आणि ते फ्लॅटच्या मेंबरकडून, म्हणजे मालकाकडून घ्यायचे असतात. नवऱ्याने हे शांतपणे सांगितलं, काकूंनी विषय बदलून पार्किंगवर नेला.

आता अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे माझा कापलेला स्टार. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, अकरा महिन्यांचं. बऱ्याच जणांना वाटतं अकरा महिन्यांचं असलं की रजिस्टर करायला लागत नाही, नोटरी चालतं. महाराष्ट्रात असं नाहीये. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ते लेखी आणि रजिस्टर पाहिजेच, जबाबदारी घरमालकाची, आणि रजिस्टर नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. त्यामुळे ओनरच्या पण फायद्याचं आहे. आता सगळं ऑनलाईन होतं, माणूस अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा घेऊन घरी येतो, अर्ध्या तासात काम.

खर्च किती? स्टॅम्प ड्युटी म्हणजे पूर्ण मुदतीच्या भाड्यावर ०.२५ टक्के, आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते पण त्या रकमेत मिळवायचं. आमचं २७ हजार गुणिले अकरा झाले २ लाख ९७ हजार, डिपॉझिटचं मानीव व्याज नऊ हजार एकशे काहीतरी, मिळून तीन लाख सहा हजारांच्या वर, त्याचे पाव टक्के म्हणजे साधारण ७६५ रुपये. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १००० रुपये. किरकोळ हँडलिंगचे थोडे. आणि काकांनी आम्हाला एक गोल आकडा सांगितला तो याच्या दुपटीच्या पुढे होता, ब्रेकअप विचारला तर म्हणाले "सगळं धरून असतं ताई". काय धरून? येणाऱ्या माणसाची फी, पोलिस व्हेरिफिकेशन भरून द्यायची मेहनत, ठीक आहे, त्याचे पैसे घ्या पण वेगळे सांगा. भाडेकरूची पोलिसांकडची माहिती ऑनलाईन आपल्याला पण भरता येते. मी हिशोब लिहून दाखवला तेव्हा थोडे कमी केले आणि वर "मॅडम अकाउंट्समध्ये आहेत का" असं विचारलं. पाण्याची वही, भिंतीवरची रेघ, ७९ अ, इतकं सगळं स्वतःहून सांगणारा माणूस इथे मात्र गोल आकडा सांगतो, हे मला खुपलं. तुम्ही तुमचा आकडा आधी काढून ठेवा, वरचं गणित वापरून दहा मिनिटांत निघतो. आणि खर्च ओनर आणि तुम्ही अर्धा अर्धा, हे टोकन द्यायच्या आधी बोलून घ्या.

रंगाचं पण आधीच बोला. घर सोडताना डिपॉझिटमधून एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापायची पद्धत काही ओनर सर्रास लावतात, आमच्या मसुद्यात ती ओळ होतीच, काकांनी ती वाचून दाखवली नव्हती, आम्ही वाचली आणि 'नेहमीची झीज सोडून नुकसान असेल तर' असं करून घेतलं. लॉक-इन, म्हणजे ज्याच्या आत घर सोडता येत नाही ती मुदत, सहा महिन्यांचं होतं ते तसंच राहू दिलं.

राहायला येऊन आता एक पावसाळा झालाय. मेट्रोचं गणित बरोबर निघालं, तीसेक रुपयांत रामवाडी, बसून पेपर वाचत. रामवाडीला उतरल्यावर पुढच्या रिक्षाचं गणित चुकलं, सकाळच्या वेळेला शेअर रिक्षासाठी जी झुंबड असते ती काकांना माहीत नव्हती कारण ते कधी तिकडे गेलेलेच नाहीत. पाऊस असला की ऑफिसातल्या दोघीजणींबरोबर कॅब करते. घरून निघताना हे शेवटचे चार-पाच किलोमीटर वेगळे धरा, बाकीच्या सगळ्या प्रवासाएवढा ताप तेवढ्यातच आहे. पीएमपीचा दिवसाचा पास आता ७० रुपयांचा झालाय, तो काढून बसनं पण करून बघितलं, बस मिळाली तर चांगलं आहे.

पाणी सकाळी येतं, पुरतं. महापालिकेचं काहीतरी दुरुस्तीचं निघालं की गुरुवारी बंद आणि मग पेपरात ते ठरलेलं वाक्य, 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल'. नाशिकला कधी बादल्या भरून ठेवल्या नव्हत्या, इथे बुधवारी रात्री सासूबाई न सांगता भरतात. वीज पण देखभालीसाठी जाते ती गुरुवारीच, त्यामुळे नवऱ्याने घरून काम करायचा दिवस गुरुवारचा शुक्रवार करून घेतला.

शेजारची बिल्डिंग? पाडायला घेतलीये. आमची खिडकी दुसऱ्या बाजूला.

मग हे काका घ्यावेत का? दोघांची ऑफिसं दोन टोकांना असतील आणि वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनी, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात बघत असाल तर डोळे झाकून. वाघोली, खराडी, हडपसर, उंड्री बघत असाल तर तिकडचाच माणूस शोधा, काकांनी फोन लावून दिलेला नको. एकच ऑफिस आहे आणि त्याच्या शेजारीच राहायचंय असं असेल तर एजंटची गरज नाही, त्या भागात दोन संध्याकाळी चालत फिरा, सिक्युरिटीवाल्यांना विचारा, 'टू लेट'च्या पाट्या अजून लागतात. ब्रोकरेज एक महिन्याच्या वर देऊ नका, व्हिजिटिंग चार्जेस मागणाऱ्याला तर अजिबात नको. आणि पुढच्या वर्षी रिन्यूअलला काका परत अर्ध्या महिन्याचं ब्रोकरेज मागतात असं वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी सांगितलंय. ओनरचा नंबर आहे आमच्याकडे, आम्ही सरळ त्यांच्याशीच बोलणार आहोत.